पुढच्या पत्रिकेवर माझं नाव नसेल

आमच्या गावच्या साहित्य संमेलनाला येणाऱ्या, त्यासाठी वर्गणी देणाऱ्या, मांडवात बसणाऱ्या आणि मांडवाबाहेर उभं राहून ऐकणाऱ्या सर्वांस,



यंदाचं संमेलन पार पडलं. मांडव उतरला, खुर्च्या गेल्या, स्पीकरवाल्याचे पैसे चुकते झाले. आता सांगायला हरकत नाही की मी कार्यवाहपद सोडतोय. आधी सांगितलं असतं तर मांडवात अध्यक्षांच्या भाषणापेक्षा याचीच कुजबुज जास्त झाली असती. पुढच्या वर्षीच्या पत्रिकेवर कार्यवाह म्हणून माझं नाव नसेल. सल्लागार, मार्गदर्शक, निमंत्रक, संस्थापक सदस्य यांपैकी कुठल्याही ओळीतही ते नसेल.

आपल्या भागात बातमी पायी निघाली तरी बसच्या आधी पोचते, त्यामुळे कारणंही तयार झाली आहेत. देवळाचा कारभार बघणाऱ्या देवस्की पंचांशी माझं वाजलं, असं एका गल्लीत ऐकलं. पोलिसांनी बोलावून दम दिला, असं दुसऱ्या गल्लीत. मुलाकडे पुण्याला कायमचा चाललो, हे तिसरं. ग्रामपंचायतीला उभा राहणार, हे चौथं, आणि ते ऐकून आमच्या घरात बरंच हसू झालं. यातलं एकही खरं नाही. गुडघे दुखतात हे मात्र खरं, पण दुखऱ्या गुडघ्यांपायी गावात कुणाची कामं थांबल्याचं मी पाहिलेलं नाही.

खरं कारण सांगायचं तर थोडं मागून यावं लागेल. सीमेपलीकडच्या वाचकांना आमची संमेलनं ठाऊक नसतात, त्यांच्यासाठीही.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात संमेलन म्हणजे शहरातला तीन दिवसांचा सोहळा नसतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमनी, सांबरा, कारदगा अशी कितीतरी गावं आपापली संमेलनं भरवत आली आहेत. भाताची सुगी उरकली, मळण्या झाल्या, की हिवाळ्यातला एखादा रविवार धरायचा. सकाळी पालखीत ज्ञानेश्वरी आणि गाथा ठेवून ग्रंथदिंडी निघते. पुढे भजनी मंडळ, झांजपथक, मागे लेझीम खेळणारी शाळेची पोरं, दारोदार सडा-रांगोळी. मग उद्घाटन, अध्यक्षांचं भाषण, एखादं व्याख्यान नाहीतर परिसंवाद, मधे जेवण, दुपारून कथाकथन आणि शेवटी कविसंमेलन. कविसंमेलन ऐन भरात येतं तेव्हा दूध काढायची वेळ होते आणि मांडव निम्मा रिकामा होतो. कवींनी ते मनाला लावून घेऊ नये. म्हशीला थांब म्हणता येत नाही.

पुण्या-मुंबईचे पाहुणे इथला श्रोता बघून चकित होतात. पुढच्या रांगांत पदर डोक्यावर घेतलेल्या बाया, मागे टोपीवाले म्हातारे, आणि तुकारामांवरचं तासाभराचं व्याख्यान कुणी जागचं न हलता ऐकतंय. ही माणसं पुस्तकं विकत घेतात का, असं एका पाहुण्यांनी मला हळूच विचारलं होतं. घेतात. शिवचरित्र घेतात, पाककृती घेतात, आणि ‘स्वामी’ घेतात. ते लिहिणारे रणजित देसाई इथून जवळच्या कोवाडचे. त्यामुळे ते पुस्तक आम्ही घरचंच मानतो.

माझा धंदा छपाईचा. त्यामुळे संमेलनाचं सगळं राजकारण माझ्या टेबलावरून गेलं, आणि बाहेरच्याला ते कधी कळत नाही. लोकांना वाटतं, कार्यवाहाचं मोठं काम म्हणजे चांगला अध्यक्ष मिळवणं. ते सोपं आहे. मराठी लेखक मोठा असो की छोटा, खेड्यातलं निमंत्रण सहसा टाळत नाही. अवघड काम पत्रिकेचं. ग्रंथदिंडीचं उद्घाटन कोणी करायचं, पालखीपूजन कोणी, मंडपाचं उद्घाटन, व्यासपीठाचं उद्घाटन, ग्रंथदालनाचं उद्घाटन, दीपप्रज्वलन कुणाकुणाच्या हस्ते. त्यानंतर फोटोपूजन. सुरुवातीच्या संमेलनांत सरस्वती, ज्ञानेश्वर आणि शिवाजी महाराज असे तीन फोटो असत. मग तुकाराम आले, फुले आले, सावित्रीबाई, शाहू महाराज, आंबेडकर, टिळक, कुसुमाग्रज, अण्णाभाऊ. सगळी वंदनीय माणसं आहेत, त्यांच्याबद्दल बोलत नाही मी. पण एका वर्षी टेबलावर इतके फोटो झाले की वक्त्यानं कागद कुठे ठेवायचे हा प्रश्न पडला. यातले किती भक्तीनं आले आणि किती देणगीदार वाढले म्हणून आले, ते मला ठाऊक आहे, कारण पत्रिका मीच छापत होतो. प्रत्येक फोटोपुढे एक नाव, प्रत्येक नावामागे एक पावती.

नाव वर गेलं की खालचा रुसतो. खाली गेलं की वरच्याची गल्ली वर्गणी देत नाही. सोसायटीचे चेअरमन आणि डेअरीचे चेअरमन यांची नावं एका ओळीत येतील असा टाइप मी एकदा मुद्दाम बारीक केला होता. उद्घाटनाच्या या सगळ्या कारभारात दीड तास जातो, आणि ज्यांना दोनशे मैलांवरून बोलावलं त्या अध्यक्षांच्या हातात चिठ्ठी ठेवावी लागते: कृपया आटोपतं घ्यावं.

पोलीस परवानगीचं काम त्या मानानं सरळ. अर्ज कन्नडात लिहायचा, पाहुण्यांची नावं-गावं द्यायची, सीमाप्रश्नावर कुणी भडक बोलणार नाही याची हमी द्यायची. महाराष्ट्रातून येणाऱ्या साहित्यिकांना वाटेत अडवल्याचे प्रसंग आमच्या भागातल्या संमेलनांनी पाहिलेले आहेत. म्हणून मी प्रत्येक सत्राला जवळपासचा एक राखीव वक्ता धरून ठेवायचो. आपण राखीव आहोत हे त्या गृहस्थाला कळू द्यायचं नाही, ही या पदावरची खरी कला. हे वाचून कुणी दुखावलं असेल तर क्षमा असावी, बहुतेक तुम्हीच ते असाल.

वर्गणीबद्दल फार लिहीत नाही. घरटी मिळते, कुणी पैसे देतं, कुणी पायलीभर तांदूळ देतं, महिला मंडळ स्वयंपाक उचलतं. दरवर्षी पैसे पुरले नाहीत आणि दरवर्षी पुरले.

हे सगळं कशासाठी? आमच्या पिढीकडे याचं उत्तर तयार होतं. १९४६ साली बेळगावात साहित्य संमेलन भरलं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच मांडवात झाला. ज्या शहरानं त्या ठरावाला मांडव घालून दिला ते १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलं. १९६० साली महाराष्ट्र झाला, आम्ही सीमेच्या अलीकडेच राहिलो. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांवर आहे. २००४ पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि दावा दाखल झाला त्या वर्षी जन्मलेली पोरं आता मतदान करतात. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन झालं तेव्हा मी विशीत होतो. आपल्या बाजूची माणसं त्यात गेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर आपण दर १ जूनला जातो. आपलं संमेलन त्या दिवसांतल्या रागातून उभं राहिलं. साहित्याची आवड होतीच, पण नुसत्या आवडीनं कुणी भर सुगीच्या तोंडावर दारोदार हिंडत नाही. इथं मराठी बोलणारी माणसं राहतात, हे वर्षातून एकदा मांडव घालून सांगायचं होतं.

म्हणून एक नियम झाला. कुणी लिहिला नाही, ठराव केला नाही. आपल्या व्यासपीठावर सगळं मराठीच.

आता यंदाच्या तयारीच्या पहिल्या बैठकीचं सांगतो. मारुतीच्या देवळात आम्ही नेहमीचे बसलो होतो. मंडळात नव्यानं आलेली एक मुलगी आहे, नाव लिहीत नाही, गावात सगळ्यांना कळेलच. पदवी झाली आहे, कर्नाटक सरकारच्या कारकुनी नोकऱ्यांसाठीच्या एफडीए-एसडीए परीक्षांना बसते आहे. तिनं सुचवलं की दुपारचं एक सत्र मराठी-कन्नड ठेवू. एक कन्नड कवी बोलवू, एक मराठी, दोघांनी एकमेकांच्या कवितांचे अनुवाद वाचायचे. तयारी करून आली होती. म्हणाली, द. रा. बेंद्र्यांच्या घरात मराठी होती, लिहिलं कन्नडात, ज्ञानपीठ मिळालं कन्नडसाठी, आणि मधली कित्येक वर्षं शिकवत होते सोलापुरात. म्हणाली, आपल्या वाचनालयातलं भैरप्पांचं ‘पर्व’ पानं सुटेपर्यंत वाचलं गेलंय, ते मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी बेळगावच्याच. नवऱ्यानं कन्नड वाचून दाखवायचं आणि बायकोनं मराठीत लिहायचं. याच्याहून आपल्याकडचं काय असणार? आपण त्यांच्यावर कधी एक सत्र केलं का?

बैठकीत कुणी काही बोललं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी “बघू” म्हणालो, आणि विषय संपला. पुढच्या मिनिटाला आम्ही मांडवाच्या दराबद्दल बोलत होतो.

बैठक उठल्यावर ती चपला घालता घालता मला म्हणाली, “काका, कन्नड तुमच्यावर लादली असेल. मला आता येते. येते ती वापरू नको म्हणता?”

याला मी उत्तर दिलं, आणि ते इथंही लिहितो, कारण मला तिचं म्हणणं पटलेलं नाही. तेव्हा पटलं नाही, आजही नाही. बेंद्र्यांनी कन्नड निवडली. आमच्याकडे ती शाळेच्या फळ्यावरून, सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून, बसच्या पाटीवरून, विचारल्याशिवाय आली. लेखकानं दुसरी भाषा जवळ करणं वेगळं आणि सरकारनं ती दारात आणून उभी करणं वेगळं. कन्नड कवितेशी माझं भांडण नाही. पण आमच्या व्यासपीठावर कन्नड आली तर दुसऱ्या दिवशी कोण काय अर्थ काढेल, कुठल्या कागदावर त्याचा दाखला दिला जाईल, हे मला दिसतं. १९८६ पाहिलेल्या कुणालाही दिसेल. माझं म्हणणं चुकीचं आहे असं मला वाटत नाही.

पण तिचंही चुकीचं आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. २०१५ च्या कायद्यानंतर इथल्या प्रत्येक शाळेत कन्नड शिकवावीच लागते. गावातली विशीची पोरं कंडक्टरशी, बँकेत, तहसीलदार कचेरीत कन्नड बोलतात, घरी येऊन मराठी बोलतात, आणि यात काही विशेष आहे असं त्यांना वाटत नाही. मला तिकिटाला सुटे पैसे मागायला कन्नड तोंडातून काढताना अजून जिभेला गाठ पडते. त्यांना पडत नाही. दुसरं असं, आपल्या मराठी शाळेचा पट कन्नडमुळे घसरला असं भाषणात सांगायला बरं वाटतं. सकाळी आठ वाजता गावच्या कमानीखाली उभं राहून बघा. पोरं पिवळ्या गाडीत बसून जातात ती इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. त्या गाडीबद्दल आपण एकही परिसंवाद घेतलेला नाही, कारण मंडळातल्या निम्म्या जणांची नातवंडं त्यात बसतात. माझीही बसतात.

तेव्हा कोण बरोबर, याचा निकाल मला इथं लावायचा नाही. मला खटकली ती देवळातली शांतता. एका मुलीनं विचार करून, वाचून, एक गोष्ट मांडली. कुणी तिला विरोध केला नाही, कुणी पाठिंबा दिला नाही. एवढ्या माणसांत एकालाही स्वतःचं मत नव्हतं असं होत नाही. मत होतं, पण काका काय म्हणतात ते आधी बघायचं होतं. मी वाद हरलो असतो तर पद सोडलं नसतं. वाद झालाच नाही म्हणून सोडतोय.

हे असं एका दिवसात होत नाही. कुणी ठरवूनही करत नाही. पाहुण्यांचे फोन नंबर माझ्याकडे, म्हणून पाहुण्यांशी मी बोलायचं. देणगीदार मला ओळखतात, म्हणून पावतीपुस्तक माझ्याकडे. पोलीस ठाण्यातल्या साहेबांची बदली झाली की नव्या साहेबांना भेटायला मी. काही अडलं की “काकांना विचारा”. सोपं पडतं सगळ्यांना. मलाही पडतं, खोटं कशाला बोलू, आपल्याशिवाय पान हलत नाही ही भावना वाईट नसते. या सगळ्यात एक पिढी खुर्च्या लावत राहिली. मंडळात ज्यांना आपण अजून “पोरं” म्हणतो त्यांतल्या दोघांची लग्नं होऊन मुलं शाळेत जातात. त्यांनी अजून एकदाही अध्यक्ष ठरवलेला नाही. त्यांनी ठरवायला घेतलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं, असं मला वाटतं. पण मी समोर बसलेलो असताना त्यांनी ठरवायला घेतलंच नसतं.

काही जवळच्या मंडळींनी तोडगा काढला: तुम्ही नावाला राहा, काम पोरं करतील. हा तोडगा मी इतर ठिकाणी चालताना पाहिला आहे. नावाला राहिलेला माणूस पहिल्या रांगेत बसतो. त्याची भुवई वर गेली की व्यासपीठावरचा सूत्रसंचालक अडखळतो. काम पोरं करतात आणि निर्णय भुवई घेते.

दुसरं उदाहरणही आहे, बरं आहे. कृष्णाकाठी औदुंबरला सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन १९३९ पासून मकरसंक्रांतीला भरतं. कवी सुधांशु त्याचा प्राण होते. त्यांच्या हयातीत औदुंबरचं संमेलन म्हणजे सुधांशु असंच लोक म्हणत. २००६ साली ते गेले. संक्रांतीला संमेलन भरतंच. एका खेड्यात एका माणसाच्या ओढीनं सुरू झालेली गोष्ट त्याच्यामागे चालू राहते, याला त्या गावातल्या इतरांनी काहीतरी केलेलं असणार. आपल्या इतरांना ते करायला मी जिवंत असतानाच जागा मिळावी, एवढीच माझी घाई. मी गेल्यावर करायला लागले तर त्यांना विचारायलाही कुणी नसेल, आणि भांडायलाही.

संमेलनाला पाठ फिरवणारं मराठीतलं सगळ्यात गाजलेलं पत्र जोतीराव फुल्यांचं. १८८५ च्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण त्यांना न्यायमूर्ती रानड्यांकडून आलं होतं. ज्या सभेत शूद्रातिशूद्रांच्या हक्कांचा विचार नाही तिथं आमचं काय काम, अशा आशयाचं उत्तर त्यांनी पाठवलं. माझ्या या कागदाची त्याच्याशी बरोबरी नाही, आणि माझं कारणही उलटं आहे. मला इथं जागा कमी पडली नाही, गरजेपेक्षा जास्त मिळाली. पण छापखान्यात बसून ते पत्र वाचताना मला नेहमी एक जाणवत आलंय. सभेत काय बोललं जाणार, हे बऱ्याच अंशी निमंत्रणावर कुणाची नावं छापायची हे ठरवणाऱ्याच्या टेबलावरच ठरून जातं. ते टेबल आता दुसऱ्यांनी घ्यावं.

कामाचं सांगतो.

पावतीपुस्तकं, जमाखर्चाची वही आणि बँकेचं पासबुक नव्या मंडळाच्या हातात देईन. खात्यावर माझी सही आहे, ती बदलायला ठराव लागतो, तो हिशेबाच्या बैठकीत करून घ्यावा. पाहुण्यांच्या नंबरांची एक वही आहे. तिच्यात नंबरांपुढे मी बारीक अक्षरात काही टिपणं केली आहेत: “माइक सोडत नाहीत”, “मानधन घेत नाहीत, पण पुस्तकांची पेटी बरोबर आणतात, विकून द्यावी लागते”, “गोड चालत नाही”, “बोलतात उत्तम, पण आधी पंधरा मिनिटं सीमावासीयांचं कौतुक करतात”, “रात्रीच्या गाडीनं जातातच, तिकीट आधी काढणे”. ही वही व्यासपीठावर नेऊ नये.

पत्रिका छापायचं काम मला दिलंत तर करीन, पण यापुढे दर इतरांना लावतो तोच लावीन. आतापर्यंत फुकट छापत होतो. फुकट होतं म्हणून नावं वाढत गेली, असा माझा अंदाज आहे. ओळीमागे पैसे पडायला लागले की फोटो आपोआप कमी होतील.

गावातल्या मोठ्या मंडळींना एक विनंती. पुढच्या वर्षी काहीतरी बिघडेल. पाहुणे उशिरा येतील, माइक किरकिर करेल, कुणाचं तरी नाव राहून जाईल. त्या वेळी “काकांच्या वेळी असं नव्हतं” म्हणू नका. असंच होतं. एका वर्षी अध्यक्ष पोचले तेव्हा उद्घाटन उरकलेलं होतं आणि आम्ही त्यांच्यासाठी दिवा विझवून परत लावला. एका वर्षी पंगतीत भात कमी पडला, तेव्हा वरच्या गल्लीतल्या बायांनी घरातली भाताची पातेली उचलून आणली. तुम्ही विसरलात, कारण संध्याकाळी कथाकथन छान झालं.

नाव पत्रिकेवर घालायचं असेल, खाली-वर करायचं असेल, तर मला फोन करू नका. शेजारच्या गल्लीत माझ्याबद्दल चहा पाजून काही होतं असा समज आहे. चहा पिईन.

सत्कार करू नका. आमच्या कपाटात शाली इतक्या झाल्यात की दोन उन्हाळ्यांपूर्वी बायकोनं त्यांची गोधडी शिवली. फार चांगली झाली.

महाराष्ट्रातून येणाऱ्या लेखक मंडळींनाही काही सांगायचं आहे, आणि हे मी कार्यवाह असताना सांगू शकलो नसतो, कारण पाहुण्यांना रागवून चालत नाही. मराठी टिकवल्याबद्दल आम्हाला शाबासकी देऊ नका. आम्ही ती टिकवत नाही, आम्ही ती बोलतो. शेतात, भांडणात, देवाला, म्हशीला. तुमच्या नव्या पुस्तकाबद्दल बोला, लिहिताना काय अडलं ते सांगा, दुसऱ्या कुणाचं काय चांगलं वाचलंत ते सांगा. इथल्या श्रोत्याला ते कळतं. न कळलं तर तो जेवणाच्या पंगतीत विचारतो, आणि त्याची उत्तरं तुम्हाला पुण्यात कुणी मागितली नसतील.

अखिल भारतीय संमेलनाला महाराष्ट्र सरकार आता कोट्यवधी रुपये देतं. त्यातलं आम्हाला काही नको. पण तिथं दालनं थाटणाऱ्या प्रकाशकांपैकी दोघातिघांनी मिळून हिवाळ्यातले चार रविवार पुस्तकांचा एक टेम्पो आमच्या संमेलनांतून फिरवला, तर त्यांचा तोटा होणार नाही याची मी हमी देतो. हमी कार्यवाह म्हणून देत नाही, गिऱ्हाईक म्हणून देतो.

लोकप्रतिनिधींनी यावं, जरूर यावं. खाली बसावं.

आता त्या मराठी-कन्नड सत्राचं. नवं मंडळ ते करील किंवा करणार नाही. केलंच तर मला विचारू नका, मी विरोधात बोलेन आणि तुम्ही पुन्हा गप्प बसाल. त्या सत्राला मी मांडवात असेन की नाही, हे आज सांगता येत नाही. मधेच उठून गेलो तर त्याचा फार गाजावाजा करू नका, आणि शेवटपर्यंत बसलो तर त्याचाही करू नका. माझ्या वयाची जी माणसं हिंडलग्याला माझ्याबरोबर येतात त्यांना हे सगळं आवडणार नाही, हे मला माहीत आहे. त्यांनी मंडळाच्या बैठकीत येऊन सांगावं. त्या मुलीशी भांडावं. माझ्याकडे येऊन “तुम्ही असताना हे कसं होऊ दिलंत” म्हणू नये, कारण मी असताना ते झालंच नसतं, आणि अडचण नेमकी तीच होती.

कार्यवाह कोण, हे मी सुचवणार नाही. तीन नावं कानावर आली आहेत. तिन्ही चांगली आहेत, आणि तिघांचंही एकमेकांशी पटत नाही. बैठकीत मतं घ्या. हात वर करून घ्या, चिठ्ठ्या टाकून घ्या, पण घ्या. आपल्याकडे एकमतानं निवड झाली असं छापायची पद्धत आहे, आणि ते मी पुष्कळदा छापलं आहे. त्यातलं एकमत कसं होतं ते तुम्हाला माहीत आहे.

हिशेबाची बैठक येत्या रविवारी रात्री जेवणं झाल्यावर मारुतीच्या देवळात आहे. जमाखर्च वाचून दाखवीन, सगळे कागद तिथंच ठेवीन, ज्यांना बघायचे आहेत त्यांनी बघावेत. शिल्लक थोडी आहे. मंडळाच्या दोन मोठ्या सतरंज्या आणि भाताचं एक पातेलं अजून परत आलेलं नाही. पातेल्याच्या कडेवर मंडळाचं नाव कोरलेलं आहे. ज्यांच्याकडे राहिलंय त्यांनी येताना घेऊन यावं.

आपला,
मावळता कार्यवाह